सोललेले मटार

गेल्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तुला तिथे लोनली नाही वाटत?" तुझा धाकटा भाऊ तेव्हा कॅमेऱ्यासमोर कुत्र्याचा पंजा धरून मला नमस्कार करायला लावत होता. मी तोंड उघडायच्या आत तुझी आई मागून म्हणाली, "अगं, आजीला एकांत आवडतो." मीही लगेच म्हटलं, "हो, मला एकांत आवडतो." मग आपण तुझ्या परीक्षेकडे वळलो आणि अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी नेहमीप्रमाणे फोन ठेवला.

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. ऑफिसातून चुकीचं पत्र बाहेर गेलं, तर मागोमाग शुद्धिपत्र पाठवायची पद्धत होती. हे तसंच समजा. एरवी मी तुम्हा दोघांना इंग्रजीत लिहिते, कारण ते तुम्हाला वाचता येतं. हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्या आईला ते मेलबर्नच्या स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. यातलं बरंचसं तिलाही माहीत नाही, आणि एका गोष्टीत तीही होती.

माझं लहानपण पुण्यात तीन खोल्यांत गेलं. माणसं अकरा. बी.ए.चा अभ्यास मी जिन्यात बसून केला, कुणी वर जायचं असलं की पुस्तक छातीशी धरून उभी राहायची. इंग्रजीच्या पुस्तकांतल्या बायका आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेत, तेवढंच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत असे. कथेत पुढे काय होतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आपल्यालाही एक दार असावं, एवढीच माझी श्रीमंतीची कल्पना होती.

लग्न होऊन दिल्लीत आले. तुमचे आजोबा आणि मी, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. रामकृष्णपुरममध्ये पहिल्या मजल्यावर क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे व्हरांडा, खाली चार इमारतींच्या मधोमध हिरवळीचा चौकोन. ऐंशी सालाच्या आसपास तुमचे पणजोबा मिरजेला वारले, आणि दिवाळीनंतर पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायची, आमच्याकडे राहायला आल्या. एक ट्रंक आणि कापडात गुंडाळलेली विळी, एवढंच सामान.

त्या यायच्या आधी महिनाभर मी धावपळ करून मागचा व्हरांडा बंद करून घेतला होता. त्याला खिडकी बसवली, दार बसवलं, आतून कडी लावली. पलंग, रेडिओ, देवांसाठी फळी. स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवला: दूध किती वाजता येतं, ब्लडप्रेशरची गोळी केव्हा, नळाचं पाणी केव्हा जातं. मला माझा फार अभिमान वाटत होता. मला जे कधी मिळालं नाही ते मी त्यांना देत होते. स्वतःची खोली.

आईंनी खोली पाहिली, कडी लावून पाहिली, काढली. म्हणाल्या, "छान आहे हो. पण कडी कशाला? मला कोण येऊन छळणार आहे?"

तुमचे आजोबा म्हणाले, "आई, इथे सगळं नियमाप्रमाणे चालतं. हिच्या राज्यात शिंकायचं असलं तरी अर्ज करावा लागतो."

सकाळी नऊला आम्ही दोघं ऑफिसला जायचो. माझं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर, चार्टर्ड बसनं पाऊण तास. तुमची आई तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. ती दीड वाजता घरी यायची. तोवर आई एकट्या. त्यांना हिंदी येत नव्हतं. रेडिओ ऐकतील, पोथी वाचतील, झोपतील, असं मी धरून चालले होते.

डिसेंबरात दिल्लीची थंडी पडली आणि आईंना त्या हिरवळीचा शोध लागला. तिथे अकरा ते दोन ऊन असायचं. चारही इमारतींतल्या बायका खाटा, वेताचे मोडे, सतरंज्या घेऊन खाली उतरत. कुणी विणत, कुणी गाजरं किसत, आणि जवळजवळ सगळ्या मटार सोलत. दिल्लीत हिवाळ्यात मटार किलोकिलोनं येतात, प्रत्येक भाजीत पडतात आणि कुणीतरी ते सोलावेच लागतात. एक दिवस आई परात आणि आमच्या मटारच्या शेंगा घेऊन खाली गेल्या आणि एका खाटेच्या कडेला बसल्या. ती खाट आमच्या घराच्या बरोबर खाली राहणाऱ्या पंजाबी बाईंची होती. त्या बाई फाळणीत नवऱ्याबरोबर पलीकडून आलेल्या, गुडघेदुखीनं बेजार, आवाज खणखणीत. आईंना त्या माताजी म्हणू लागल्या. वयात फारतर दहा-बारा वर्षांचं अंतर असेल.

भाषा कशी जमली, मला माहीत नाही. दीड वाजता शाळेतून येऊन तुमची आई दुभाष्याचं काम करायची, पण त्याआधीचे अडीच तास त्या काय बोलत असतील? महिन्यातला दुसरा शनिवार मला सुट्टीचा; अशाच एका शनिवारी मी वरून ऐकलं. आई सांगत होत्या, "हमारा बहू बहोत हुशार. सब कागद पे लिखती. दूध कब, गोली कब, सब!"

"अच्छा? और आपको छुट्टी कब, वो भी लिखा है?"

सगळ्या बायका हसल्या. आईही हसल्या. मला तो विनोद आवडला नाही.

आणि कुरबुरी सुरू झाल्या, माझ्या बाजूनं. गोळी राहून जायची. गॅसवाला कुलूप पाहून परत जायचा. संध्याकाळी भाजीला लागतील त्याच्या चौपट मटार सोलून ठेवलेले असायचे, कारण आईंचे संपले की त्या दुसऱ्यांचे घ्यायच्या. "तुम्ही लोकांचे मटार का सोलता?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गप्पा संपल्या नव्हत्या."

जानेवारीत ऑफिसात बढतीची यादी लागली. सलग दुसऱ्या वर्षी माझं नाव नव्हतं. मी घरी आईंना काही सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाच फक्त सांगितलं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन पोळ्या केल्या. दोन दिवसांनी सकाळी बसस्टॉपवर खालच्या बाई दूध घेऊन परत येताना भेटल्या. माझ्या शेजारी ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या. बाईंनी माझा हात धरला. "बहनजी, इस बार भी आपका नाम नहीं आया? माताजी बता रही थीं, बहू बाथरूम में रोई। बेचारी खुद रो पड़ीं। दिल छोटा मत करना।"

आज मी ते वाक्य लिहिताना त्यातली माया मला स्पष्ट दिसते. एक म्हातारी सुनेसाठी परक्या बायकांत बसून रडली होती. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या दाराला कडी नाही.

त्या संध्याकाळी मी आईंना म्हटलं, "अंगठा बघू." थंडीनं आणि शेंगांनी त्यांच्या उजव्या अंगठ्याला भेग पडली होती. ती मला आधीपासून दिसत होती.

"हे असं चालायचं नाही आई. उद्यापासून मटार सोलायचे नाहीत. ऑफिसजवळ सोललेले मिळतात, मी आणत जाईन."

"अगं, काय मेलं एवढं! तेल लावते की मी."

"डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

"बरं, मग मेथी निवडत जाईन."

"मेथी मी रविवारी निवडून ठेवते. तुम्ही आयुष्यभर राबलात. आता आराम करा."

तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आई, ऑर्डर निघाली. आता अपील नाही." आई हसल्या. मग अंगठ्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं."

मी त्यांना खाली जाऊ नका असं कधीच म्हटलं नाही. ते म्हणायची गरज पडणार नाही हे मला ठाऊक होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. कधी उत्तर हो येतं, कधी नाही. पण घरात सोललेले मटार यायला लागले आणि त्या खाली जायच्या थांबल्या. गोळ्या वेळेवर होऊ लागल्या. गॅस आला. मी मिरजेला नणंदेला पत्र लिहिलं की आईंना इथलं आता मानवलं आहे.

चार-पाच दिवसांनी तुमच्या आईनं जेवताना विचारलं, "आज्जी आता खाली का येत नाही? आंटी रोज पूछती है."

आई पाणी आणायला आत गेल्या होत्या. मी म्हटलं, "तिला एकांत आवडतो."

"एकांत म्हणजे?"

"म्हणजे एकटं, शांत बसायला."

दुसऱ्या दिवशी त्या सात वर्षांच्या मुलीनं इमानदारीनं खाली जाऊन सांगितलं, "आज्जी को अकेले बैठना अच्छा लगता है." तोवर खालून रोज हाक यायची, "माताजी, धूप आ गई, आ जाओ!" त्यानंतर ती बंद झाली. (बाळ, तू हे वाचताना थांबशील, म्हणून इथेच सांगते. तुझी त्यात काहीच चूक नव्हती. तू फक्त निरोप पोचवलास. निरोप माझा होता.)

पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मी साडेअकराला त्यांच्या खोलीत गेले. आई पलंगावर खिडकीपाशी बसल्या होत्या. रेडिओ बंद होता. हात मांडीवर, एकावर एक. खालून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी विचारलं, "आई, खाली जात का नाही तुम्ही? ऊन चांगलं पडलंय."

त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं जाऊन काय बसायचं? त्या सगळ्या कामात असतात. आपण आपलं नुसतं तोंडाकडे बघत बसायचं, पाहुण्यासारखं?" आणि जरा वेळानं, "बायकांत बसायचं तर हातात काहीतरी लागतं गं. तुम्हा ऑफिसवाल्यांचं वेगळं."

मला कळलं. हे मला पुढे वय झाल्यावर कळलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला त्याच दिवशी, तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांना कामातून सोडवताना मी त्यांचं तिथलं बसणंच काढून घेतलं होतं. दोन किलो शेंगा आणल्या असत्या तरी सगळं ठीक झालं असतं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी बाजारात गेले. एका बाजूला शेंगांचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला एक बाई पाटीत सोललेले मटार घेऊन बसायची. मी शेंगांपाशी उभी राहिले. शेंग मोडून एक दाणा खाल्लासुद्धा. गोड होता. मग मला बसस्टॉप आठवला, माझा धरलेला हात, शेजारच्या दोघींचे चेहरे. वाटलं, आठवडाभर जाऊ दे, मग बघू. मी वळले आणि सोललेले अर्धा किलो घेतले. पुढच्या आठवड्यातही तेच केलं. मग ऊन कडक झालं, खाटा आत गेल्या, मटार संपले.

होळीच्या आधी आई म्हणाल्या, "मी मिरजेला लेकीकडे जाऊन येते." परत यायचं नाही हे आम्हा दोघींनाही समजलं होतं. तुमचे आजोबा पोचवायला जाणार होते. स्टेशनवर गाडीत बसल्यावर त्या खिडकीतून मला म्हणाल्या, "खालच्या बाईंना सांग, मी गेले म्हणून."

"तुम्हीच भेटून यायचं होतं ना, आई."

"इतके दिवस गेले नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी तीन दिवसांनी खाली निरोप सांगितला. बाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मैं तो समझी माताजी मुझसे नाराज़ हैं। उन्होंने अपने मन की बात कही थी और मैंने बसस्टॉप पर आपको बोल दी। मेरी ज़बान ही ऐसी है।" त्यांचे डोळे भरले होते. दोन महिने ही बाई स्वतःला दोष देत होती.

एका वाक्यात मी तिला मोकळी करू शकले असते. मी म्हटलं, "नहीं जी, ऐसा कुछ नहीं। उन्हें एकांत पसंद था।"

आई आणखी चार वर्षं जगल्या. दर हिवाळ्यात मिरजेहून एक पोस्टकार्ड यायचं, वेडंवाकडं, पेन्सिलीनं लिहिलेलं. तब्येत, आशीर्वाद आणि शेवटी न चुकता, मटार निघाले का, खालच्या बाईंचे गुडघे कसे आहेत. पहिल्या वर्षानंतर खालच्या बाई मुलाकडे लुधियान्याला निघून गेल्या होत्या. मी ते आईंना कधी कळवलं नाही. "गुडघे बरे आहेत" असं लिहीत राहिले.

आता माझ्याबद्दल. गुरुग्रामच्या या सतराव्या मजल्यावर मी एकटी राहते, त्याला सहा वर्षं झाली. एकांत मला आवडतो हे खोटं नाही. सकाळचा चहा, वर्तमानपत्र, शब्दकोडं, अकरापर्यंत कुणाचा आवाज नको असतो. ते तास मी जिन्यात बसणाऱ्या त्या मुलीला देते. तिनं ते कमावले आहेत. पण अकरानंतर तेच घर, तीच खुर्ची, आणि त्या शांततेचा अर्थ बदलतो. सकाळी मी दार लावून घेतलेलं असतं. दुपारी ते आपोआप लागलेलं असतं. फरक मला एवढाच सांगता येतो.

तुमच्या आईनं तिथून माझ्यासाठी किती केलंय! स्वयंपाकाला बाई, औषधं घरपोच, आणि फोनवरून भाजीची ऑर्डर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. निवडलेली मेथी, चिरलेला भोपळा, सोललेले गोठवलेले मटार. आधी मी सोसायटीच्या गेटबाहेरच्या गाडीवाल्याकडे जायची. तो मला रोज लुटायचा, मी त्याला रोज रागवायची, कोथिंबीर फुकट मिळवून परत यायची. नोव्हेंबरात माझा पाय जरा मुरगळला तेव्हा तुझी आई म्हणाली, "आई, तू आता भाजीला खाली जायचं नाही. आयुष्यभर केलंस. आता आराम कर."

मी म्हटलं, "बरं."

म्हणून तुझ्या प्रश्नानंतर मला चैन पडेना. गेल्या मंगळवारी मी गाडीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आंटीजी, हम तो समझे आप फॉरेन चली गईं." दोन किलो शेंगा घेतल्या, घरातून परात आणली आणि खालच्या बागेतल्या बाकावर बसले. ऊन बाकावर अकराला येतं. तिथे कुणीही मटार सोलत नाही. लोक कानात काहीतरी घालून चकरा मारतात. एका तरुण मुलीनं थांबून काळजीनं विचारलं, "आंटी, आज मेड नहीं आई क्या?" मी म्हटलं, "आई है." तिनं एक शेंग उचलली, उघडली, दाणे खाल्ले आणि थँक्यू म्हणून गेली.

बुधवारी गेले, गुरुवारी गेले. शेंगा सोलायची सवय नाही, दोन किलोला दीड तास लागतो. तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याला नखाच्या बाजूला भेग पडली. चांगलीच दुखते. साबण लागला की झोंबते, हे लिहितानाही पेन जरा तिरकं धरलं आहे. इतकी वर्षं मी समजत होते की अंगठ्याचं कारण मी नुसतं पुढे केलं होतं. आईंना ती भेग दुखत नसावी. तर दुखत होती. त्या दुखऱ्या अंगठ्यानं रोज जिना उतरून जात होत्या, आणि आपले संपले की दुसऱ्यांचे मटार घेत होत्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो, असं आहे. त्याचा कुणीही फार बाऊ करू नये. आईला सांग, भाजीची ऑर्डर बंद कर, आणि रविवारचा फोन अकराऐवजी दीडला करा. अकराला मी खाली असेन. अजून शेजारी येऊन बसलेलं कुणी नाही, पण मी परात मोठी नेते.